ओझं कुठे आहे ते बघा: भारतीय शिल्पातला मजूर

बांधकामावर विटांचं घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढणारी बाई आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पुढच्या वेळी तिच्या मानेकडे बघा. मान स्थिर असते. हलतात ते गुडघे आणि कंबर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि तो सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ तळपायांत उतरलेला. हा भार चार बोटं इकडेतिकडे सरकला तर घमेलं खाली येईल, आणि कदाचित बाईही.

शिल्पकार काम करताना नेमकी हीच काळजी वाहत असतो. चित्रातला माणूस कसाही वाकवला तरी चित्र भिंतीवर शाबूत राहतं. शिल्पाला खरं वजन असतं, त्याला जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. म्हणून भार पेलणारं, ढकलणारं, ओढणारं शरीर शिल्पकाराला फार जवळचं वाटतं. मजुरावरची शिल्पं केवळ कळवळ्यातून जन्मतात असं मानणं अपुरं आहे. कळवळा असतोच, पण त्याआधी एक ओळख असते: दोघांचाही दिवस वजनाशी झुंजण्यात जातो.

गेल्या शंभरेक वर्षांतल्या भारतीय शिल्पात मजूर कसकसा बदलत गेला, हे समजून घ्यायला मला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. शिल्पासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, ‘ओझं कुठे आहे?’ उत्तर दर पिढीत वेगळं मिळतं.

मुंबईपासून सुरुवात करू. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेले शेतकरी आहेत, गव्हाच्या शेतात राबणारे. इमारत 1869 मध्ये पूर्ण झाली, आणि ही उठावशिल्पं योजली ती जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती दिसतील. बंगालमधल्या कृष्णनगरचे मूर्तिकारही अशाच बाहुल्या घडवत. कारागिरी अप्रतिम, पगडीच्या घड्यासुद्धा मोजून घ्याव्यात. पण या माणसांना आपण भेटत नाही. हा भिश्ती, हा लोहार, ही कोळीण, अशी ती वर्गवारी आहे. राज्यकर्त्यांना हा देश कप्प्याकप्प्यांत मांडून बघायचा होता आणि कामकरी माणूस त्यातल्या एका कप्प्यात बसवला गेला. त्याच्या हातात अवजार असतं, पण त्या अवजाराचा भार त्याच्या खांद्यात जाणवत नाही. ओझं अजून शिल्पात शिरलेलं नाही.

ते शिरलं विसाव्या शतकात, आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उभं आहे. देवीप्रसाद रायचौधुरी हे मूळचे बंगालचे. 1929 पासून जवळजवळ तीन दशकं ते मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख होते. त्यांचं ‘ट्रायम्फ ऑफ लेबर’, म्हणजे ‘श्रमाचा विजय’, हे ब्राँझचं शिल्प 1959 मध्ये तिथे उभारलं गेलं. भारतातला पहिला कामगार दिन 1923 मध्ये मद्रासच्याच समुद्रकिनारी साजरा झाला होता, त्यामुळे ही जागा त्याला शोभते. चार माणसं एक प्रचंड धोंडा हलवण्यासाठी जीव एकवटून भिडली आहेत. पोटऱ्या फुगलेल्या, पाठी ताणलेल्या, बरगड्यांखाली श्वास अडकलेला. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या आवारातही याची प्रत आहे.

इथे ओझं समोरच आहे, धोंड्याच्या रूपात. आणि नावात ‘विजय’ असला तरी धोंडा अजून हललेला नाही. शिल्पकाराने पकडलेला क्षण जोर लावण्याचा आहे, जिंकल्यानंतरचा नाही. मला हे शिल्प यासाठीच आवडतं. एक शंका मात्र राहते. हे देह पैलवानांचे आहेत. युरोपातल्या, विशेषतः फ्रेंच शिल्पकार रोदँच्या शिल्पांतली स्नायूंची भाषा त्यांत बोलते. खडी फोडणारा, पोती वाहणारा आपल्याकडचा माणूस बहुतेक वेळा काटक आणि किडकिडीत असतो. त्याची ताकद दंडांत फुगून दिसत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या दशकाला राष्ट्र उभारणारा वीर हवा होता, आणि मजुराला त्या वीराचं शरीर मिळालं. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून उभे असलेले शेतकरी आणि कामगार याच कुळातले.

याच्या वीस वर्षं आधी शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी वेगळीच वाट पाडली होती. मला विचाराल तर आजच्या शिल्पाची खरी सुरुवात तिथून आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

1938. कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या मोकळ्या आवारात रामकिंकर एक संथाळ कुटुंब उभं करतात. संथाळ आदिवासी त्या भागात शेतावर, गिरण्यांत मजुरीला येत. शिल्पातला पुरुष खांद्यावर कावड घेऊन चालला आहे. कावडीच्या एका टोपलीत मूल आहे. बाजूला बायको, तिच्या डोक्यावर सामान. सोबत कुत्रा. सगळा संसार चालत निघाला आहे. कुठे, ते शिल्प सांगत नाही. कामाच्या शोधात गाव सोडणारं कुटुंब आपल्याला नवं नाही. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या दर हंगामात आपल्या रस्त्यांवरून जातात.

आता कावडीकडे बघा. एका बाजूच्या टोपलीत मूल आहे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूला तेवढाच भार लागणार. म्हणजे या माणसाने मुलाचं वजन आपल्या वस्तूंशी तोलून घेतलं आहे. त्याच्या चालण्यातला तोल आणि शिल्पाचा तोल एकच झाला आहे. ओझं इथे बाहेरचा धोंडा राहिलेलं नाही. ते त्याचं घरच आहे. आणि कुणी पैलवान नाही, कुणी दीनवाणंही नाही.

दुसरी गोष्ट साहित्याची. ब्राँझ किंवा संगमरवर रामकिंकरांच्या आवाक्यात नव्हता. त्यांनी लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधला आणि सिमेंटमध्ये तिथलीच लाल जांभ्याची खडी कालवून ते मिश्रण त्यावर थापलं. कोकणातल्या वाचकाला जांभा वेगळा समजावून सांगायला नको. शांतिनिकेतनाच्या परिसराची, वीरभूमची तांबडी जमीनही त्याच जातीची. काम करण्याची पद्धत गवंड्याची: कालवायचं, फेकून मारायचं, थापायचं, वाळू द्यायचं. म्हणून त्या शिल्पाची कातडी खरबरीत आहे, उन्हात रापलेली वाटते. ज्या मातीत ही माणसं राबतात तीच त्यांच्या अंगात मिसळली आहे. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून अनेक अभ्यासक याचं नाव घेतात, ते विषयाइतकंच या साहित्यामुळे.

1956 च्या सुमारास त्यांनी याच आवारात आणखी एक शिल्प केलं. इंग्रजीत त्याला ‘मिल कॉल’ म्हणतात. मराठीत एका शब्दात सांगता येईल: भोंगा. गिरणीचा भोंगा झाला आहे आणि संथाळ बायका धावत सुटल्या आहेत. मागे एक मुलगा. अंघोळ, धुणं उरकून कपडे वाळेपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून ओलं कापड वाऱ्यावर धरून पळता पळताच वाळवलं जातंय. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा क्षण अंगावर येईल. या बायकांच्या डोक्यावर बोजा नाही. त्यांच्यावर भार आहे तो घड्याळाचा. सिमेंटसारख्या जड पदार्थातून रामकिंकरांनी वारा आणि घाई उभी केली आहे, आणि हे मला आजही अचाट वाटतं.

मजुराच्या शरीराची आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे भूक. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सोमनाथ होर तरुण होते. उपाशी माणसांची रेखाटनं त्यांनी तेव्हा जागेवर जाऊन केली, पुढे तेभागा चळवळीतले, पिकाचा दोन तृतीयांश वाटा मागणारे बटाईदार शेतकरी जवळून पाहिले. कितीतरी वर्षांनी ते ब्राँझकडे वळले. मेणाचे पातळ पत्रे ते तापलेल्या सुरीने कापत, चिरत, जोडत आणि मग त्यावरून धातू ओतून घेत. त्यांच्या आकृत्यांत स्नायू शोधून सापडत नाहीत. फाटलेली कातडी, पोकळ छाती आणि काड्यांसारखे पाय. रायचौधुरींच्या चार पैलवानांनंतर ही शिल्पं पाहिली की एकाच माणसाच्या दोन कहाण्या ऐकल्यासारखं होतं.

मीरा मुखर्जींनी मात्र प्रश्नाची दिशाच फिरवली. म्यूनिकमध्ये शिक्षण घेऊन आलेल्या या शिल्पकार बस्तरला गेल्या आणि तिथल्या धातू ओतणाऱ्या घडवा कारागिरांच्या हाताखाली शिकल्या. देशभरातल्या पारंपरिक धातुकारागिरांचा अभ्यास त्यांनी अनेक वर्षं केला.

त्या जे शिकल्या ते ढोकरा ओतकाम थोडक्यात असं. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून आकार आणि नक्षी उभी करायची. वरून पुन्हा मातीचे थर द्यायचे. मग भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि दोन मातींच्या मध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं पितळ किंवा ब्राँझ ओतायचं. थंड झाल्यावर वरची माती फोडायची. साचा प्रत्येक वेळी फुटतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकच. मीराताईंच्या नावाड्यांच्या, विणकरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या अंगावर त्या मेणाच्या दोऱ्यांच्या रेषा राहिल्या आहेत. विणकराचं शिल्प स्वतःच विणल्यासारखं दिसतं. ज्या हातांवर शिल्प करायचं त्याच हातांकडून कसब घ्यायचं, हा मान त्याआधी फार थोड्यांनी दिला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे.

शरीर गेलं, अवजार राहिलं

1990 नंतरच्या प्रदर्शनांत गेलं की नवखा प्रेक्षक गोंधळतो. विषय कष्टकऱ्यांचा आहे असं सांगितलं जातं आणि समोर माणूसच नसतो. चपला असतात, बोचकी असतात, भांडी असतात, गंजलेली हत्यारं असतात. हे समजून घ्यायला केरळचे एन. एन. रिमझोन यांचं 1993 चं ‘द टूल्स’ हा चांगला पूल आहे. मध्ये एक उघडा पुरुष शांत उभा, जैन मूर्तींची आठवण करून देणारा. त्याच्याभोवती जमिनीवर वापरून झिजलेल्या लोखंडी हत्यारांचं रिंगण. त्याच्या हातात काहीच नाही. हत्यारं त्याला राखताहेत की कोंडताहेत, हे प्रत्येकाने आपलं ठरवावं. माणूस आणि अवजार इथे एकमेकांपासून सुटे झाले आहेत.

यानंतर पुष्कळ कामांत फक्त वस्तू उरते. बिहारमधल्या खगौलचे, रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरातले सुबोध गुप्ता आज जगप्रसिद्ध आहेत ते स्टीलच्या भांड्यांच्या रचनांमुळे. मला त्यांचं 2004 चं ‘एव्हरीथिंग इज इनसाइड’ जास्त भिडतं. अँबेसेडर टॅक्सीचा फक्त वरचा अर्धा भाग जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो, आणि टपावर दोरीने बांधलेली बोचकी. ही बोचकी ब्राँझमध्ये ओतलेली आहेत. आखातात मजुरी करून परतणाऱ्या माणसाचं सामान असंच असतं. कापडाचं गाठोडं ब्राँझचं झालं की त्याचं वजन कितीतरी पटींनी वाढतं, आणि गाडी रस्त्यात रुतल्यासारखी दिसते. माणूस कुठेच नाही, पण भार अचूक.

असं का झालं असावं? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, कामाचं स्वरूप बदललं. गिरण्या गेल्या, भोंगा गेला. त्याबरोबर एका वेळी एका फाटकातून आत जाणारा कामगारवर्गही विखुरला. आजचा मजूर नाक्यावर उभा असतो, ठेकेदाराच्या वहीत असतो, आज या शहरात तर उद्या त्या. त्याचा एक ठळक पुतळा करायचा म्हटलं तर चेहरा कुणाचा घ्यायचा? दुसरं, कलावंतांनी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारायला सुरुवात केली: दुसऱ्याच्या कष्टाचं शरीर घडवून ते दालनात मांडण्याचा हक्क मला आहे का? त्याच्या जागी त्याची वस्तू ठेवणं अनेकांना जास्त प्रामाणिक वाटलं.

सगळ्यांनी शरीर सोडलं असं मात्र नाही. नागपूरचे वलय शेंडे धातूच्या शेकडो छोट्या चकत्या जोडून माणसांच्या आकाराच्या आकृत्या घडवतात. हाजी अलीच्या चौकात उभा असलेला डबेवाला त्यांचाच. ट्रकच्या हौद्यात दाटीने उभ्या असलेल्या स्थलांतरित मजुरांचं त्यांचं ‘ट्रान्झिट’ हे कामही गाजलं. जवळून पाहिलं तर प्रत्येक देह तुकड्यातुकड्यांचा आहे, मधून आरपार दिसतं. चार पावलं मागे गेलं की माणूस पुरा होतो. शहर या माणसांना असंच बघतं, ओझरतं.

आणि मग ती पिढी आली जिच्यासाठी मजूर हा ‘विषय’ नव्हताच, तो घरातला माणूस होता.

प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. गावाभोवती कोळशाच्या खाणी, आणि घरातल्या तीन पिढ्या खाणकामाशी जोडलेल्या. बडोद्यात शिल्पकला शिकलेला हा कलावंत ओळखला जातो तो कोळशाने भिंतीवर काढलेल्या प्रचंड चित्रांसाठी आणि त्यांच्या जोडीने मांडलेल्या शिल्पांसाठी. त्यांच्या आकृत्यांना पुष्कळदा डोकं नसतं. डोक्याच्या जागी दिवा, यंत्र, नाहीतर जमिनीचा तुकडा. माणूस कामाने गिळला की तो कामाच्या वस्तूसारखा दिसू लागतो. प्रदर्शन संपलं की ती भिंत रंगवून टाकतात आणि चित्र नाहीसं होतं, खोदून रिकाम्या केलेल्या जमिनीसारखं.

बिरेंद्र कुमार यादव धनबादच्या कोळसापट्ट्यात वाढले. वडील खाणीत लोहारकाम करत. त्यांनी मिर्झापूरकडच्या वीटभट्टी मजुरांबरोबर केलेल्या कामाचं नाव आहे ‘वॉकिंग ऑन द रूफ ऑफ हेल’, नरकाच्या छपरावरून चालताना. हे नाव शब्दशः घ्यायचं. भट्टी पेटलेली असताना तिच्या माथ्यावर चालत जाऊन भोकांतून कोळसा टाकत राहावं लागतं. पायाखाली आग असते. साधी चप्पल वितळेल, म्हणून मजूर लाकडी खडावा वापरतात. बिरेंद्र यांनी मांडल्या त्या या खडावा. झिजलेल्या, करपलेल्या. खडावा म्हटलं की आपल्या मनात साधुसंत येतात, भरताने सिंहासनावर ठेवलेल्या पादुका येतात. त्याच आकाराची वस्तू भट्टीवरच्या मजुराच्या पायांतली आहे हे कळलं की काही क्षण बोलवत नाही. यात शिल्पकाराने काय ‘घडवलं’ असं कुणी विचारेल. खडावा मजुरांनीच घडवल्या आणि झिजवल्या. शिल्पकाराने एवढंच पाहिलं की तळव्याखाली खोलगट झालेलं लाकूड हेच शिल्प आहे.

मुंबईचे अमोल पाटील सफाई कामगारांच्या आणि चाळीतल्या जगण्यावर काम करतात. 2022 मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या प्रदर्शनात त्यांची कामं होती. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत पायी गावी निघालेले मजूर सगळ्या देशाने पाहिले. त्या वर्षी कोलकात्याच्या बारीशा क्लबच्या मंडपात पल्लव भौमिक यांनी घडवलेली दुर्गा होती ती एक स्थलांतरित आई, कडेवर उघडं मूल घेतलेली. लोक तिच्यापुढे हात जोडत होते. मजुराला दालनाबाहेर, एवढ्या माणसांसमोर इतकी थेट जागा अलीकडे क्वचितच मिळाली असेल.

शिल्प घडवणारे हात

मजुरांवरच्या शिल्पांबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी सुटते. मोठं ब्राँझ शिल्प एकट्याने होतच नाही. शिल्पकार मातीत मूळ आकृती करतो. त्यावरून साचा काढणारे वेगळे, मेणाची प्रत साफ करणारे वेगळे. हजार अंशांच्या वर तापलेला धातू मुशीतून ओतणारे ओतारी वेगळे. मोठी आकृती तुकड्यांत ओततात, मग वेल्डर ते जोडतो, ग्राइंडर चालवणारा सांधे घासून नाहीसे करतो, आणि शेवटी कुणीतरी रसायनं लावून, आच देऊन रंग चढवतो. फायबरचं काम असेल तर त्या धुळीत आणि वासात दिवस काढणारे आणखी काही जण. चौथऱ्यावर नाव मात्र एकच कोरलं जातं. श्रमावरच्या शिल्पाखाली तरी ओताऱ्यांची नावं हवीत, असं मला ठामपणे वाटतं. सिनेमा संपल्यावर दिवा धरणाऱ्याचंही नाव पडद्यावर येतं. इथे त्याला अडचण काय आहे?

आणि एक काम असं आहे की ज्याच्यापुढे ‘ओझं कुठे आहे?’ या माझ्या प्रश्नाचा अर्थच बदलतो. मुंबईच्या नवजोत अल्ताफ 1990 च्या दशकाच्या अखेरीस बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या आणि तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम करू लागल्या. त्यातून ‘नलपार’ नावाची ठिकाणं उभी राहिली, म्हणजे गावातल्या हातपंपाभोवतीची बांधकामं. भिंतींवर स्थानिक आकार, चिन्हं आहेत, त्यामुळे ती शिल्पं आहेतच. पण त्यांची रचना ठरली ती पाणी भरणाऱ्या बायकांच्या शरीराच्या हालचालींवरून. भरलेला हंडा जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर घेताना मान, पाठ, कंबर सगळं एकदम ताणलं जातं. म्हणून पंपाशेजारी बेताच्या उंचीवर कट्टा बांधला. हंडा आधी त्या कट्ट्यावर ठेवायचा, श्वास घ्यायचा, चुंबळ नीट करायची, आणि मग तो डोक्यावर घ्यायचा. इथे शिल्प ओझं दाखवत नाही, ते क्षणभर स्वतःवर घेतं.